तव्यांचा कुळव

आमच्या सुशिक्षित घरांतून शेत म्हटलें कीं डोळ्यांपुढें हिरवीं पिकें, पाटाचें पाणी आणि आंब्याच्या सावलींतील न्याहारी एवढेंच चित्र उभें राहतें. त्या हिरव्या पिकाच्या आधीं काळ्या मातींत जें लोखंड झिजलेलें असतें, त्याची आठवण सहसा कोणास होत नाहीं. आज आम्ही अशाच एका जुन्या लोखंडी अवजाराच्या दुरुस्तीची हकीकत सांगणार आहों. ती वाचून कोणाचें शेतीचें ज्ञान फारसें वाढेल असा आमचा दावा नाहीं; परंतु जुनी वस्तु मोडींत काढावी कीं नीट करून वापरावी, हा प्रश्न कोणत्या घरांत आज ना उद्यां येत नाहीं? शिवणाचें यंत्र, भिंतीवरचें घड्याळ, वडिलांची सायकल, फार काय, वडिलांनीं घालून दिलेली एखादी रीत, या सर्वांविषयीं केव्हां ना केव्हां तो उपस्थित होतो. आणि बहुतेक वेळां वस्तूचें अंतरंग न पाहतांच आपण त्याचें उत्तर देऊन मोकळे होतों.

हें अवजार म्हणजे तव्यांचा कुळव. ट्रॅक्टरवाले त्याला नुसतें ‘डिस्क’ किंवा ‘हॅरो’ म्हणतात. बैलांचा कुळव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. विदर्भांत व खानदेशांत त्यालाच वखर म्हणतात. एक लांकडी दिंड आणि तिच्याखालीं आडवी बसविलेली लोखंडी फास, एवढाच त्याचा मुख्य पसारा. ही फास जमिनीच्या पोटांत दोन-चार बोटें खालून सरकत जाते, तणाचीं मुळें कापते आणि ढेंकळें फोडते. तव्यांच्या कुळवांत अशी फास नसते. भाकरीच्या तव्यासारखे खोलगट पोलादी तवे एका चौकोनी आंसावर ओळीनें ओवलेले असतात, आणि दोन तव्यांमध्यें अंतर राखण्यासाठीं दोऱ्याच्या रिळासारखा बिडाचा एक एक तुकडा घातलेला असतो. आंसाच्या टोकाला एक मोठा नट असतो. तो आवळला म्हणजे तवे, रिळें आणि आंस मिळून एकच फिरणारी वस्तु होते. अशी एक रांग पुढें व एक मागें. पुढच्या तव्यांच्या कडेला खाचा असतात, म्हणजे पाचट व खोडक्या त्यांच्या तावडींतून निसटत नाहींत. मागचे तवे सरळ कडेचे असतात.

या रांगा चालण्याच्या दिशेशीं काटकोन करून नसतात, थोड्या तिरक्या असतात. आणि या तिरकेपणांतच सारी खुबी आहे. तवा सरळ चालला तर चाकासारखा नुसता गडगडत जाईल. तिरका चालल्यामुळें तो माती कापतो, उचलतो आणि बाजूला टाकतो. पुढची रांग माती एका बाजूला टाकते, मागची रांग ती परत आणते. माती कापतांना तव्यांवर जो आडवा जोर येतो, तोहि दोन्ही रांगांवर उलट दिशांनीं येत असल्यामुळें एकमेकाला तोलून धरतो. सारें यंत्र म्हणजे अशी ही परस्परांची ओढाताण. ती समतोल राहील तोंवर अवजार सरळ चालतें.

झिजणारा भाग निराळा करावा आणि तेवढाच बदलतां यावा, ही कल्पना आज अगदीं साधी वाटते. पण ती रुळावयास काळ लागला. इंग्लंडांत इप्सविच येथें रॉबर्ट रॅन्सम यानें १८०३ सालीं बिडाचा असा फाळ काढला कीं, त्याची खालची बाजू ओततांनाच एकदम थंड करून कठीण केलेली असे व वरची मऊ राही. वरची बाजू आधीं झिजे, खालची मागाहून. त्यामुळें फाळ झिजतां झिजतांच त्याला धार येत राही. अमेरिकेंत जेथ्रो वुड यानें १८१९ सालीं बिडाच्या नांगराचें पेटंट घेतलें. त्याचे भाग सुटे असत, आणि एक मोडला तर सारा नांगर टाकण्याचें कारण उरत नसे. या दोघांनींहि झीज ही आपत्ति मानली नाहीं. ती येणारच असें धरून त्यांनीं तिला राहावयास जागा नेमून दिली, हा त्यांचा मोठेपणा.

आपल्याकडे लांकडी नांगर-कुळवाची दुरुस्ती गांवचा सुतार व लोहार करीत आणि त्याबद्दल सुगीला खळ्यावर धान्याचें बलुतें नेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत होती आणि ती घालविण्यास त्यांना फार खटपट पडली. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली. पुढें लोखंडी नांगर घरोघर झाला. परंतु बिडाचा भाग गांवच्या भात्यावर घडवितां येत नाहीं. तो कारखान्यांतून आणावा लागतो. कोणता भाग केव्हां आणावा आणि तो कसा बसवावा, हें ज्ञान मग लोहाराच्या घरांतून शेतकऱ्याच्या घरांत आलें. तेथें तें बापाकडून मुलाकडे जाईल तोंवरच राहणार.

आमच्या घरीं तव्यांचा कुळव १९८४ सालीं आला. कृष्णाकांठीं आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. आम्ही शिकण्यासाठीं पुण्यास गेलों ते तिकडेच महाविद्यालयांत अध्यापक होऊन राहिलों. जमीन थोरल्या बंधूंनीं सांभाळली. वडिलांनीं हा कुळव घेतला तेव्हां त्यावर बारा तवे होते, पुढें सहा व मागें सहा, प्रत्येक बावीस इंच व्यासाचा. उसाचा शेवटचा खोडवा निघाला कीं जमिनींत राहिलेलीं बुडखीं तोडण्याचें काम त्यानें वर्षानुवर्षें केलें. पुढें वडील गेले. बंधूंच्या उजव्या हाताला कंप सुटला. कारभार पुतण्याकडे आला. तो कृषिविद्यालयांत शिकलेला, हिशेबी आणि कष्टाळू मुलगा आहे. त्यानें भाड्याचा रोटाव्हेटर आणण्यास आरंभ केला आणि कुळव गोठ्याच्या मागें गवतांत जाऊन बसला.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आम्ही गांवीं गेलों तों भंगारवाला वजनाप्रमाणें भाव सांगून गेला होता, आणि बाप-लेकांत अबोला होता. पुतण्या आम्हांस म्हणाला, “काका, आबांना तुम्हीच सांगा. रोटाव्हेटर एका पाळीत करतो ते करायला याला तीन पाळ्या लागतात. चार क्विंटल लोखंड उगाच जागा अडवून बसलंय.” बंधूंना विचारलें तेव्हां ते शांतपणें म्हणाले, “विकायचा तर विकू दे. माझं काही म्हणणं नाही. पण न उघडता विकू नको म्हणावं. आत काय आहे ते बघ आणि मग काय ते कर.”

यांत हट्टापेक्षां अधिक कांहीं आहे असें आम्हांस वाटलें. एक मनुष्य चाळीस वर्षें ज्या वस्तूबरोबर राबला, तिची किंमत तराजूवर ठरूं नये, एवढेंच तो मागत होता. तालुक्याच्या गांवाहून मिस्त्री आणविला. वयानें साठीच्या पुढचा, थोडें बोलणारा मनुष्य. त्यानें प्रथम सांगाड्याखालीं लांकडाचे ओंडके लाविले. ट्रॅक्टरच्या लिफ्टवर उचललेल्या अवजाराखालीं कोणीं शिरावयाचें नाहीं, ही त्याची पहिली शिस्त; तेलाच्या दाबावर तोललेलें ओझें केव्हां खालीं येईल याचा नेम नसतो. मग पुढच्या रांगेच्या नटावर डिझेल सोडून रात्रभर तसाच भिजत ठेवला. दुसऱ्या दिवशीं पान्याच्या दांड्यांत चार फुटी पाइप घालून पुतण्या व मिस्त्री दोघे लोंबकळले, तरी तो हलेना. शेवटीं गॅसच्या ज्योतीनें तापवून घणाचे चार ठोके दिले, तेव्हां एक करकर आवाज झाला आणि चाळीस वर्षांचा गंज सुटला.

एक एक तवा व एक एक रीळ निघून गोणपाटावर ओळीनें मांडलें गेलें. तेव्हां जें दिसलें तें आम्हांस कोणत्याहि ग्रंथांत शिकावयास मिळालें नव्हतें. सहा तव्यांपैकीं चार चांगले झिजले होते. बावीस इंचांचे साडेअठरा झाले होते, पण झीज कडेला सारखी होती, जशी नाणें हातोहात फिरून झिजतें तशी. उरलेल्या दोघांची कड फारशी झिजलेली नव्हती. ते मधल्या भोंकांत मेले होते. चौकोनी भोंकाचे कोपरे गोल झाले होते, आणि एकाला तर भोंकापासून कडेच्या दिशेनें चीर गेली होती. त्याच जागीं आंसाचेहि कोपरे खाल्ले गेले होते. कारण उघड होतें. कोणत्या तरी हंगामांत नट किंचित् ढिला झाला असावा. तवा प्रत्येक फेऱ्याला केसाएवढा हलला असेल. पण असे फेरे दिवसांत हजारों. बाहेर मातीशीं झगडून जें नुकसान झालें नव्हतें, तें आंतल्या ढिलेपणानें झालें.

मिस्त्री तो तवा हातांत घेऊन म्हणाला, “सर, लोखंड झिजतंय त्येचं काय न्हाई. झिजणं त्येचा धर्मच हाय. पर ढिलं पडलं की मग काय बी ऱ्हात न्हाई.”

पुतण्या म्हणाला, “मग हे दोनच नवे घालू.” मिस्त्र्यानें मान हालविली. सर्व तवे एकाच आंसावर असल्यामुळें सर्वांना फेरे सारखेच घ्यावे लागतात. साडेअठरा इंचांच्या शेजारीं बावीस इंचांचा तवा बसविला तर सारा भार तो एकटाच घेतो, खोल रुततो, शेजाऱ्यांना जमीन नीट लागूं देत नाहीं, आणि स्वतःच पहिल्यानें मोडतो. म्हणून रांगेंतले तवे बदलावयाचे ते सगळे, नाहीं तर मापानें जुळणारे तरी घालावयाचे. कुटुंबांत, शाळेंत, संस्थांत आपण पुष्कळदां दोन नवीं माणसें जुन्या रांगेंत बसवितों आणि तीं टिकलीं नाहींत म्हणजे त्यांना दोष देतों. मिस्त्र्याचें म्हणणें ऐकतांना आम्हांस तीं आठवलीं.

खाचांचे सहा नवे तवे आणले. आंस बदलला. आंस ज्यांत फिरतो तीं बिडाचीं जुनीं बुशें एका बाजूला जास्त झिजलीं होतीं, कारण आडवा जोर नेहमीं एकाच बाजूला असतो. तींहि नवीं घातलीं. मागची रांग उघडली तर ती शाबूत निघाली. तिचा नट कोणीं तरी नेमानें आवळलेला होता. बंधू गोठ्याच्या सावलींत बाजेवर बसून सारें पाहत होते. रिळाचें एक तोंड तव्याच्या फुगीर बाजूला बसेल असें असतें आणि दुसरें खोलगट बाजूला; तें उलट घातलें तर नट कितीहि आवळला तरी रांग घट्ट होत नाहीं. पुतण्यानें एक रीळ उलट घातलें तेव्हां मिस्त्र्याच्या आधीं बंधूंनींच बाजेवरून हटकलें.

नट आवळून झाला. पुतण्यानें घाम पुसला. बंधू म्हणाले, “वाजवून बघ.” त्यानें हातोडीनें तिसऱ्या तव्यावर टिचकी मारली. आवाज बद्द आला, तडा गेलेल्या मडक्याचा येतो तसा. “अजून बोलत नाही. आवळ.” पुन्हां पाइप घालून दोघांनीं जोर केला; अर्धा फेरा गेला. पुन्हां टिचकी. या वेळीं आवाज लांब गेला. बंधू कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं नुसते डोळे मिटले. मग पुतण्यानें न सांगतां साऱ्या तव्यांवर एकामागून एक हातोडी वाजविली आणि प्रत्येक वेळीं कान देऊन ऐकलें. त्या हातांना कंप नव्हता, आणि ज्या कानांनीं आजवर ऐकलें त्या कानांची विद्या कोणत्या वाटेनें पुढें जाते, तें आम्हीं त्या दुपारीं पाहिलें.

प्लूटार्कनें थीसियसच्या चरित्रांत एका जहाजाची गोष्ट सांगितली आहे. थीसियस ज्या जहाजांतून परत आला तें अथेन्सच्या लोकांनीं जपून ठेविलें; फळी कुजली कीं ती काढून नवी घालीत. पुढें तत्त्ववेत्त्यांमध्यें वाद पडला कीं, हें जहाज तेंच म्हणावें कीं दुसरें. आम्ही हा वाद वर्गांत पुष्कळ वेळां विद्यार्थ्यांपुढें मांडला आहे. गोठ्यामागच्या अंगणांत तो आम्हांस निराळा दिसला. वडिलांनीं आणलेल्या कुळवाचे तवे आतां त्यावर अर्धेच राहिले आहेत; उद्यां तेहि जातील. तरी तो वडिलांचा कुळव आहे असें आम्ही म्हणूं, तें लोखंडासाठीं नव्हे. रीळ कोणत्या तोंडानें घालावें, नट केव्हां पुरेसा आवळला असें समजावें, हें जाणणारें कोणी घरांत आहे तोंवरच तो आमचा. तें माणूस नसेल तर मूळचे बाराहि तवे शाबूत असोत, आमच्या घरीं तें भंगारच.

एवढ्यावर थांबलों तर आम्ही जुन्याची पूजा मांडली असा वाचकांचा समज होईल. आणि पुतण्याची बाजू सांगितली नाहीं तर तो अन्याय होईल. एडवर्ड फॉकनर या अमेरिकन लेखकानें १९४३ सालीं ‘प्लाउमन्स फॉली’ नांवाचें पुस्तक लिहून खोल नांगरटीवर हल्ला केला. पाल्यापाचोळा खोल गाडूं नये, तव्यांच्या कुळवानें वरच्या थरांतच मिसळावा, असें त्याचें सांगणें होतें. म्हणजे आमच्या अवजाराला त्यानें जमिनीचा त्राता ठरविलें. परंतु त्याच्याच देशांत १९३० नंतरच्या दशकांत मैदानी प्रदेशांतून धुळीचीं भयंकर वादळें उठलीं. अवर्षण व उघडी जमीन हीं त्यांचीं मोठीं कारणें खरीं. पण याच जातीच्या तव्यांच्या नांगरानें माती पीठ करून ठेविली होती, हेंहि त्यांतलें एक. आपल्याकडे पाहावें तर हराळी माजलेल्या रानांत तवे घातले म्हणजे हराळीच्या कांड्यांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा नव्यानें फुटतो. त्या कामाला बैलांची जुनी फासच बरी. ओल्या रानांत तवे फिरविले तर माती चिकटून गोळे होतात. वाफसा आल्यावांचून अवजार रानांत घालूं नये हें कुणबी जाणतो. पण ट्रॅक्टर भाड्याचा असला म्हणजे वाफशाची वाट पाहण्यास कोणी तयार नसतो.

तेव्हां पुतण्याचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें. प्रत्येक रानांत, प्रत्येक हंगामांत हा कुळव घालण्याचें कारण नाहीं. परंतु ओढ्याकडची आमची एक मुरमाड पट्टी आहे. तेथें रोटाव्हेटरचीं पातीं दगडांवर आपटून मोडतात, आणि तवा मात्र दगडावरून गडगडत पलीकडे जातो. खोडव्याचीं जाड बुडखीं तोडण्यासहि तवेच बरे. बाप-लेकांनीं रात्रीं जेवतांना आपसांत वांटणी केली : मुरमाड पट्टी आणि उसाचीं बुडखीं कुळवाला, बाकीचें रान रोटाव्हेटरला. आम्हांस मध्यस्थी करावी लागली नाहीं. भंगारवाल्याला काढलेले जुने तवे तेवढे दिले. एक मात्र बंधूंनीं ठेवून घेतला आणि मराठी शाळेला घंटा म्हणून दिला.

निघण्यापूर्वीं मिस्त्र्यानें पुतण्याला जें सांगितलें तें येथें लिहून ठेवतों. ज्यांच्या घरीं असें अवजार असेल त्यांच्या तें उपयोगीं पडेल. चालवण्याच्या दिवशीं सकाळीं ग्रीस भरावें, आणि आंतलें काळें, मातकट ग्रीस बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत भरावें. तव्यावरची माती खरडणारी पट्टी तव्याला घांसूं नये, पण फार दूरहि नसावी. जाड पुठ्ठा मध्यें सरकेल एवढी फट पुरे. हंगाम संपला कीं माती धुऊन, वाळवून तव्यांना जळकें ऑइल फांसावें आणि अवजार फळ्यांवर ठेवावें. ओल्या जमिनीवर टेकलेला तवा शेतांत झिजतो त्याहून अधिक घरीं बसून गंजतो. आणि सर्वांत महत्त्वाचें : नवी रांग बसविली म्हणजे दोन तास चालवून थांबावें आणि नट पुन्हां आवळावा. गोठ्यांत कितीहि घट्ट वाटली तरी रांग खरी बसते ती मातीचा जोर लागल्यावर. तेव्हां जी थोडी जागा होते ती लगेच काढून टाकली नाहीं, तर पुढच्या सगळ्या मोडतोडीला तेथूनच वाट मिळते.

आम्ही पुण्यास परतल्यावर आठ-दहा दिवसांनीं, वळवाचा एक पाऊस होऊन वाफसा आल्यावर, पुतण्याचा फोन आला. ओढ्याकडच्या पट्टींत कुळव घातला होता. माती कशी झाली, किती वेळ लागला, यांतलें त्यानें कांहीं सांगितलें नाहीं. तो म्हणाला, “काका, दोन तासांनी थांबून परत आवळला. पाव फेरा गेला. आबांना सांगितलं तर म्हणाले, जाणारच.”